बेळगावहून अमेरिकेला निघालोय. तिथलं बिस्किट चहात बुडवता येतं का?

नाही, तिथलं बिस्किट म्हणजे बेकिंग पावडरनं फुगवलेला, लोणी घातलेला मऊ, खारा पाव. अटलांटात दोन वर्षं काढली, म्हणून सांगतो. सकाळी तो सॉसेजच्या पांढऱ्या रश्शाबरोबर खातात. सॉसेज बहुधा डुकराचं, शाकाहारी असाल तर आधी विचारा. आपण खडेबाजारात चहाबरोबर मागतो, त्याला तिकडं 'कुकी' म्हणायचं. आणि चहा? दक्षिणेकडच्या राज्यांत नुसतं 'टी' म्हटलं की बर्फ घातलेला, बिनदुधाचा, गोडमिट्ट चहा ग्लासभर पुढ्यात येतो. गोडीत कुंद्यालासुद्धा ऐकायचा नाही! म्हणून 'हॉट टी' म्हणा, दूध वेगळं मागा. वाटेत लंडनला थांबणार असाल तर तिथं मात्र खुशाल बुडवा, ब्रिटनमध्ये बिस्किट म्हणजे आपलंच बिस्किट.