विचारा शिवणताईंना : आजेसासूबाईंची वाकळ परत कशी शिवायची?

प्रश्न : ताई नमस्कार, आमच्याकडे आजेसासूबाईंनी हातानं शिवलेली वाकळ आहे, पन्नास वर्षं तरी जुनी असेल. मधे मोठा चौकोन, भोवती पांढऱ्या पट्टीवर लाल त्रिकोणांची रांग, मग साधी चौकट, परत त्रिकोण असं करत कडेपर्यंत गेलंय. आता उचलली तरी फाटते म्हणून तश्शीच दुसरी करायला घेतली, शिंप्याकडनं पोतंभर कातरण आणलं, मशीनवर तुकडे जोडले, पण ते टेबलक्लॉथसारखं सपाट आणि भडक दिसतंय. त्रिकोणांची टोकं पण जुळत नाहीत. कुठे गडबड होतेय?
– एक वाचक, कराड

उत्तर : अहो, तुमच्या हातात काही खोट नाहीये, तुम्ही वाकळ वेगळ्याच पद्धतीनं शिवताय एवढंच. आपल्याकडच्या बायका आधी वरचा कपडा जोडून मग खाली थर लावत बसत नसत. जुनी लुगडी एकावर एक अंथरायची, कच्चे टाके घालून हलणार नाहीत अशी करायची आणि मग एकेक तुकडा कडा आत दुमडून थेट त्यावर ठेवून सगळ्या थरांतनं धावदोरा मारायचा. सुरुवात कडेनं, मग चौकोनी फेरे घेत घेत मध्यापर्यंत. म्हणजे तुकडा जोडणं आणि वाकळ शिवणं ही दोन कामं नव्हतीच, एकाच टाक्यात दोन्ही व्हायचं, आणि ते बारीक चुण्या पडल्यासारखं जे दिसतं ना ते त्या धावदोऱ्यामुळे, कापडामुळे नाही. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी (मूळच्या आफ्रिकी वंशाच्या) बायका कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची वाकळ, अशीच कडेकडून आत शिवत आणतात आणि चार कोपऱ्यांना दुमडलेल्या चिंधीची फुलं लावतात, ती त्याशिवाय पुरी झाली असं मानतच नाहीत.

तुमची कशी केलीय ते बघायचं तर जिथे फाटलीय तिथेच नीट डोकावा. लाल त्रिकोणाखाली अख्खं पांढरं कापड सलग दिसतंय का? दिसत असेल तर त्रिकोण वरून ठेवलेले आहेत, आणि मग टोकं जुळवायची कटकटच संपली, कारण जुळवायला शिवण कुठेय?

आता मापं. जुनं कापड कुठे आटलेलं कुठे ताणलेलं, त्यामुळे एकच त्रिकोण मोजून त्यावर विसंबू नका, आठ-दहा मोजा आणि मधलं जे येईल ते पक्कं करा. समजा पाया 4 इंच आला. मग सगळं 4 च्या पटीत ठेवायचं म्हणजे कोपऱ्यात अर्धा त्रिकोण उरत नाही. मधला चौकोन 12 इंच, त्याच्या एका बाजूला 3 त्रिकोण. 4 इंचाची ती पांढरी पट्टी चारही बाजूंनी आली की 20, साधी चौकट आली की 28, म्हणजे पुढच्या रांगेत एका बाजूला 7. असंच पुढे गेलं की तिसऱ्या रांगेत 11, आणि बाहेरची चौकट धरून 60 बाय 60 होतं. त्रिकोण एकूण 84, कोपरे पांढरेच सोडायचे. सिंगल बेडला 60 बाय 90 हवी असेल तर वर-खाली पंधरा-पंधरा इंचाचा पट्टा द्या, तिथे जुन्या साडीचा पदर लावलात तर उत्तमच.

कापताना दुमडीसाठी सगळीकडून पाव इंच जास्त. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचा साचा करा, तो तुकड्यावर ठेवून दोन तिरक्या कडा त्यावर दुमडून इस्त्री दाबा, दाबा म्हणतेय हं, घासू नका, तिरकी कड म्हणजे उरेप, ती लगेच लांबते. पाया दुमडायचाच नाही, तो आतल्या बाजूला ठेवायचा म्हणजे पुढच्या पट्टीची दुमड त्यावर येते आणि आपोआप झाकला जातो. टोक पट्टीच्या बाहेरच्या कडेपासून अर्धा इंच आत राहू द्या.

भडकपणाचं म्हणाल तर लाल रंग शोधत बसू नका, आधी मोबाईलवर जुन्या वाकळीचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा. त्यात जे दिसेल तोच तुमचा पॅटर्न, गडद कुठे आणि फिकं कुठे. मग लाल तुकडे कमी पडले तर विटकरी चालेल, जांभळा चालेल, फक्त पांढऱ्याशेजारी मधल्याच छटेचं काही नको, तिथे त्रिकोण दिसेनासा होतो. नव्या छापील कापडाची उलटी बाजू वर घेऊन बघा, बऱ्याचदा तीच जुन्यासारखी विटकी दिसते (दुकानदार हसेल, हसू द्या).

शिंप्याच्या पोत्यात टेरिकॉट, म्हणजे पॉलिएस्टर मिसळलेलं कापड, भरपूर असणार. दोन धागे काढून ताटलीत जाळून बघा, सुती असेल तर कागदासारखं जळून राख होते, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो, तो वेगळा काढा कारण सुती धुतल्यावर आटतं आणि ते आटत नाही. लाल कापड आधी धुवा, ओलं असताना पांढऱ्या चिंधीवर ठेवून इस्त्री दाबा, डाग उतरला तर परत धुवा. तरीही उतरतच असेल तर ते कापड पांढऱ्याच्या जवळपास पण नको. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो हे सगळ्या घरांत सांगतात, पण रंग सुटणारं कापड मिठानं काही सुधारत नाही.

प्रश्न : ताई मी ओहायोत राहते. इथे जुन्या सामानाच्या सेलमध्ये षटकोनी तुकड्यांच्या फुलांचं अर्धवट जोडलेलं कापड मिळालं, मागे अजून कागद टाचलेले आहेत. पुरं करता येईल का आणि कागद काढू का?
– एक वाचक

उत्तर : येईल की. या डिझाइनला तिकडे ग्रँडमदर्स फ्लॉवर गार्डन म्हणतात, 1930 च्या दशकात तिथे घरोघरी शिवलं जायचं, पीठ-दाण्याच्या पोत्यांचं छापील सुती कापड वापरून सुद्धा. मधे 1 तुकडा, भोवती 6, त्याभोवती 12, असं 19 चं फूल. ज्या तुकड्याच्या सहाही बाजू जोडल्या गेल्यात फक्त त्याचाच कागद काढा, कडेचे राहू द्या, नाहीतर दुमड उलगडते आणि नवीन तुकडा जोडायला आकारच राहत नाही. काढलेले कागद फेकू मात्र नका, जुन्या पत्रांचे किंवा वर्तमानपत्राचे असतील आणि एखाद्यावर तारीख सापडली तर काम त्याच्या आधीचं नाही एवढं नक्की. कापड त्याहून जुनं असू शकतं. नवीन षटकोन करायला मागच्या एखाद्या कागदाच्याच मापाचा साचा कापा, बाजारातले तयार साचे एक-दोन मिलिमीटरनं जरी वेगळे निघाले तरी तिसऱ्या-चौथ्या फुलापर्यंत सगळं फुगायला लागतं.