उन्हाळा लागला की लिहिणं का अडतं?

‘दर उन्हाळ्यात माझं लिहिणं बंद पडतं. सगळे सुट्टीत मजेत असतात आणि मी कोरा कागद घेऊन बसते. आता मी संपले का?’ लिहिणाऱ्या माणसांकडून ही चिंता वरचेवर ऐकू येते. इथली हकिगत आमच्याकडे मदतीला आलेल्या पन्नाशीच्या एका ललितलेखिकेची आहे. त्यांच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून ती लिहिली आहे.

‘प्रतिभा आटली’ हे त्यांचं निदान तयारच होतं. त्याआधी नैराश्य तर नाही ना, हे बघणं भाग होतं. पीएचक्यू-९ या प्रश्नावलीत गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न असतात, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. बेरीज दहा किंवा जास्त आली, तर डॉक्टरांकडून नीट तपासणी करून घ्यावी. नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करून घेण्याच्या विचारांचा असतो. त्याला एक जरी गुण आला तर बेरीज कितीही असो, त्याच दिवशी मदत घ्यायची. या बाईंचे गुण सात आले, म्हणजे सौम्य. दर उन्हाळ्यात येणारं नैराश्यही असतं. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ थॉमस वेर आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये त्याचं वर्णन केलं. हिवाळी नैराश्यात झोप आणि भूक बहुधा वाढते. उन्हाळी प्रकारात झोप उडते, भूक मरते, चिडचिड वाढते. बाईंची भूक शाबूत होती. झोप मात्र पार विस्कटली होती.

म्हणून सुरुवात झोपेपासून केली. झोप लागताना शरीराच्या आतलं तापमान थोडं उतरावं लागतं आणि ती उष्णता मुख्यतः हातापायांच्या त्वचेतून बाहेर पडते. खोली तापलेली आणि दमट असेल तर हे नीट होत नाही, मग रात्रभर कूस बदलणं आलं. त्या झोपायच्या तोंडावर गार पाण्याने अंघोळ करत. त्याने क्षणभर बरं वाटतं, पण त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच राहते. झोपेच्या तास-दीड तास आधी कोमट पाण्याने दहा मिनिटं अंघोळ, हा बदल केला. संध्याकाळी पाचची कॉफी बंद केली, कारण कॅफिनचं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. पाण्याकडेही दुर्लक्ष नको. शरीराच्या वजनाच्या एक-दोन टक्के पाणी कमी झालं, तरी लक्ष लागेनासं होतं आणि मन खट्टू होतं. साठ किलोच्या माणसात हे सहाशे मिलिलिटर ते सव्वा लिटरच्या आसपास भरतं. मनोविकाराची औषधं चालू असतील तर आणखी जपावं. काही औषधांनी घाम येण्यात फरक पडतो, आणि लिथियम घेणाऱ्यांच्या अंगातलं पाणी घटलं तर रक्तातलं त्याचं प्रमाण धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतं. औषध आपल्या मनाने थांबवायचं नाही, डॉक्टरांना विचारायचं.

झोप सुधारली तरी लिहिणं सुरू होईना.

मग खरी गोष्ट बाहेर आली. त्यांचा प्रत्येक कच्चा खर्डा पहिल्यांदा वाचणारी मैत्रीण आदल्या उन्हाळ्यात वारली होती. ‘वर्ष झालं की, आता त्याचं काय!’ असं म्हणून त्यांनी विषय बाजूला सारला. पण तोच ऋतू, तसंच ऊन, दुपारची तीच फोनची वेळ, यांनी दुःख पुन्हा वर येतं. वर्षश्राद्धाच्या सुमारास असं होणं अगदी स्वाभाविक आहे. शिवाय मैत्रिणीबरोबर एक काम करणारं माणूसही गेलं होतं: ‘पुढचं पान पाठव’ म्हणणारं. सुट्टीत घर भरलं, सकाळचा एकांत गेला, ही नुकसानी त्यात मिसळली. अशा तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी गेल्या होत्या आणि बाईंनी त्या सगळ्यांना ‘मला आता लिहिता येत नाही’ असं एकच नाव दिलं होतं.

आनंदाचंही काहीतरी बिनसलं होतं. ‘काही छान दिसलं की लगेच मनात वाक्य जुळायला लागतं, आणि ते छान दिसणं तिथंच संपतं,’ असं त्या म्हणाल्या. लिहिणाऱ्यांच्या बाबतीत हे फार घडतं आणि त्याची फारशी दखल घेतली जात नाही, म्हणून आम्ही इथेच सर्वांत जास्त वेळ दिला.

उपाय एका छोट्या वहीचा. पानावर मधोमध रेघ. डावीकडे ‘मिळालं’, उजवीकडे ‘गेलं’. रोज दोन्हीकडे मिळून तीन नोंदी पुरे. प्रत्येक नोंद दोन ओळींत, विशेषणाशिवाय, पुढे शून्य ते दहा गुण. चौदा दिवस यातलं काहीही लेखात वापरायचं नाही.

पहिला आठवडा फसला. त्या रात्री झोपताना दिवसभराचं आठवून लिहीत आणि सगळ्यांना दोन-तीन गुण देत. उदास मनाला उदास तेवढंच आधी आठवतं, म्हणून नोंद जागच्या जागी करायला हवी. दुसरी अडचण अशी, की ‘प्रसन्न सकाळ’ अशा नोंदीत धरायला काही नसतं. तिसरी सगळ्यांत चिवट: त्या गुण देत होत्या ते ‘लेखात चालेल का’ या हिशेबाने. प्रश्न बदलून ‘त्या क्षणी मला कसं वाटलं’ असा केला. त्यानंतरची एक डावीकडची नोंद: ‘खिडकीच्या जाळीवर पाकोळी. पंख मिटून बसली, मी दात घासून होईतो हलली नाही. ६.’ उजवीकडची: ‘दुपारी फोन उचलला, नाव शोधलं, परत ठेवला. ८.’ तो आठ आनंदाचा नव्हे, हे त्यांनी आपण होऊन शेजारी लिहिलं. तेव्हापासून उजव्या बाजूला सल किती, ते मोजू लागलो.

मैत्रिणीबद्दलचं लिहिणं वेगळं ठेवलं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ च्या प्रयोगातली पद्धत सोपी आहे: सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, व्याकरणाची पर्वा न करता फक्त स्वतःसाठी लिहायचं. लिहून झाल्यावर काही वेळ मन जड होतं, म्हणून झोपण्यापूर्वी नको, सकाळी. ताज्या दुःखातही नको. आणि हात थरथरायला लागला, श्वास अडकला, तर विषय बदलायचा. ठरवलंय म्हणून रेटायचं नाही. बाईंनी दोन दिवस लिहिलं, तिसऱ्या दिवशी नको वाटलं. आम्ही थांबलो. शोकात माणूस कधी गेलेल्याकडे वळतं, कधी चालू कामाकडे. हे जा-ये करणं निरोगी आहे.

रोजच्या लेखनासाठी घर जागं होण्याआधीची चाळीस मिनिटं ठरली, दार बंद, फोन दुसऱ्या खोलीत. लेख पुरा करायचा नाही, एक परिच्छेद पुरे.

उन्हाळा संपेपर्यंत त्यांचे दोन छोटे लेख झाले. मैत्रिणीवरचा झाला नाही, आणि तो यंदाच व्हावा असा आमचा आग्रह नव्हता. पहिल्या वाचनासाठी त्यांनी दुसऱ्या एका लिहिणाऱ्या बाईंना विचारलं आहे. एका वेळी एकच पान पाठवायचं, आणि विचारायचं एवढंच: ‘कुठे थांबावंसं वाटलं?’