सिंहगडाची घाई नको

नवी सायकल घेतलीस आणि पहिल्याच रविवारी सिंहगड चढायचा म्हणतोस? थांब जरा. आधी सीटची उंची बघ. पॅडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेव, पाय सरळ झाला पाहिजे. सीट खाली राहिली की गुडघे दुखतात. माझे दोन महिने त्यातच गेले. महिनाभर पहाटे पाषाण तलावापर्यंत जा, मग खडकवासला. हलका गिअर ठेव, बोलता येईल इतकाच दम लागू दे. आठवड्याला १५० मिनिटं झाली तरी पुष्कळ. मन जड असेल त्या दिवशी तर नक्की निघ. धरणापाशी गार वारा तोंडावर आला की डोक्यातला कालचा गोंधळ शांत होतो, हे मी खूपदा अनुभवलंय. हेल्मेट मात्र कोपऱ्यावर जातानाही घाल.