कुसवार, फराळ आणि दुखवट्याचं घर

प्रश्न बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका वाचक ताईंचा आहे. शेजारच्या कोकणी ख्रिस्ती घरातून त्यांच्याकडे दर नाताळला कुसवार, म्हणजे घरच्या गोडाचं ताट, येतो. त्याला मराठीत ‘नाताळचा फराळ’ म्हटलं तर चालेल का? आणि यंदा त्या घरात मयत झाली आहे, तर आपण डबा नेलेला बरा दिसेल का?

चालेल, ताई. ‘कुसवार हॅम्पर’ म्हणण्यापेक्षा तर कितीतरी बरं. डिसेंबर लागला की हा जोडशब्द जिकडेतिकडे ऐकू येतो आणि माझं डोकं उठतं. कुसवार पैसे मोजून बांधून घ्यायचा नसतो, शेजारी पोचवायचा असतो.

कुसवारातल्या नेवऱ्या, दोदोल, कुलकुल म्हणजे काय हे बेळगावकराला सांगायला नको. कणकेची गोळी काट्याच्या उलट्या बाजूवर दाबून वळताना ज्यानं एकदा पाहिली, त्याला कुलकुल कळला. मी थेट शब्दाकडे येतो.

कुसवार हे पोर्तुगीज ‘कोंसुआदा’चं कोकणी रूप. कोंसुआदा म्हणजे मुळात उपासाच्या दिवशी रात्री घ्यायचं हलकं खाणं. 24 डिसेंबर हा जुन्या कॅथलिक रीतीनं उपासाचा दिवस, म्हणून त्या रात्रीच्या जेवणाला हे नाव चिकटलं, आणि गोव्यात ते शेजारीपाजारी पाठवायच्या गोडाच्या ताटाला लागलं. आता आपला फराळ घ्या. ‘फलाहार’, म्हणजे उपासाला चालेल ते. एकादशीचा फराळ अजून तसाच आहे, पण दिवाळीच्या चकलीत उपासाचं काय उरलंय? दोन्ही शब्द उपासाच्या पानावरून उठून सणाच्या पंगतीत बसले. ‘फराळ दिवाळीचाच, दुसऱ्या सणाला तो शब्द लावू नका’ असं दटावणाऱ्यांनी आधी फराळाचीच व्युत्पत्ती वाचावी आणि मग बोलावं.

पण खरी गंमत पुढे आहे. कोंसुआदा आला लॅटिन ‘कोन्सोलाता’वरून. दोन स्वरांमधला ‘ल’ पोर्तुगीज भाषा गिळते: लॅटिन ‘दोलोर’ म्हणजे वेदना, पोर्तुगीजमध्ये ती नुसती ‘दोर’. ‘कोन्सोलारे’ म्हणजे सांत्वन करणं. कुसवार म्हणजे सांत्वन!

इथं सांत्वन ते उपाशी पोटाचं, एवढं सांगून व्युत्पत्तीवाले थांबतात. मला ते मुळीच पटत नाही. नाताळची कथा लॅटिन बायबलात वाचा. लूकच्या दुसऱ्या अध्यायात म्हातारा शिमोन बाळ येशूला हातांत घेतो. तो कशाची वाट पाहत होता? इस्राएलाच्या सांत्वनाची, आणि तिथं शब्द याच धातूचा आहे. मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात हेरोद बेथलेहेमची तान्ही मुलं मारतो. राहेल आपल्या लेकरांसाठी रडते आणि सांत्वन करून घ्यायला नकार देते. तिथंही हेच क्रियापद. त्या मुलांचा स्मरणदिन 28 डिसेंबर, नाताळाला लागूनच. जन्म आणि आकांत एकाच कथेत आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, लॅटिनमध्येच होत असे. पिढ्यान्‌पिढ्या हे शब्द कानांवर पडलेल्या माणसांना कोंसुआदात फक्त पोटाची भूक ऐकू येत असेल, हे मी मानायला तयार नाही. सणाच्या ताटाला हे नाव टिकलं ते दुःखामुळेच, असं माझं ठाम मत आहे.

रीतही तेच सांगते. दुखवट्याच्या घरात त्या नाताळला कढई चढत नाही, गोड येतं ते शेजाऱ्यांकडून. आपल्याकडे माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीला हेच करतात. आप्त फराळ आणून देतात. तेव्हा ताई, यंदा डबा तुमच्याकडून जायला हवा, आणि नाताळच्या आधीच. सोबत ‘हॅपी ख्रिसमस’ म्हणायची गरज नाही, नुसतं बसा थोडा वेळ. त्या बाई बहुधा ‘देव बरें करूं’ म्हणतील. कोकणीत आभार असेच मानतात, देणाऱ्याचं देवानं भलं करावं म्हणून.