आघाडा: 'अघ' नव्हे, आघाट

प्रश्न असा आहे की कुंपणालगत नि पडीक जागेत उगवणारं, उभा लांब तुरा असलेलं, कपड्यांना चिकटणारं रोप आघाडा की कुर्डू, आणि आघाडा नि आघाडी या शब्दांचं काही नातं आहे का.

आघाडाच. तुरा बोटांत धरून खालून वर ओढा, टोचेल, कारण उमलून गेलेली फुलं खाली वळून दांड्याला चिकटतात आणि त्यांची काटेरी टोकं जमिनीकडे होतात, म्हणून तर संस्कृतात नाव प्रत्यक्पुष्पी, मागे वळलेल्या फुलांची. कुर्डूचा तुरा गुलाबी-पांढरा, चकचकीत, नि पानं एकाआड एक, आघाड्याची समोरासमोर. आघाडी 'अग्र'वरून आलेली, पिछाडीची जोडीदार. नातं नाही.

पण या निमित्ताने एक सांगायचंच आहे. 'अघ म्हणजे पाप, ते काढतो तो अघाडा' हे जिकडेतिकडे फॉरवर्ड होतं ना, ते कृपा करून थांबवा! पुसून टाकण्याचा अर्थ आहे तो अपामार्ग या दुसऱ्या नावात, अप + मृज्, अथर्ववेदात 'अपामार्ग त्वया वयं सर्वं तदप मृज्महे' असं स्वच्छ म्हटलंय. एका नावाचा अर्थ उचलून दुसऱ्याला चिकटवला की झाली व्युत्पत्ती?

आघाडा आलाय 'आघाट'वरून. घटचा घडा, वटचा वड, कटूचा कडू, तसाच आघाटचा आघाडा, यात ओढाताण कुठेच नाही. आता खरी मजा बघा, आघाट म्हणजे सीमासुद्धा! जुन्या ताम्रपटांत दान दिलेल्या गावाच्या चारी हद्दी सांगून झाल्या की 'चतुराघाट' येतो. आणि हे रोप उगवतं कुठे, तर नांगर जात नाही तिथे, बांधावर, कुंपणाखाली, वाटेच्या कडेला. मोनिअर-विल्यम्सच्या 1899 च्या संस्कृत-इंग्रजी कोशात आघाटखाली सीमा आणि ही वनस्पती दोन्ही अर्थ दिलेत, पण त्यांचा एकमेकांशी काय संबंध यावर अवाक्षर नाही, आणि नंतरचे लोक तेच उतरवत बसलेत. कोशकारांनी एकदा बांधावरून चालत जायला हवं होतं. त्याच कोशात अथर्ववेदातलं आघाट नावाचं खुळखुळ्यासारखं वाद्यही दिलंय, त्यावरूनही कुणी रोपाचं नाव लावू बघेल, पण आघाडा काही खुळखुळ्यासारखा वाजत नाही. हद्दीवर उगवतो तो आघाडा, माझं मत ठाम आहे, आणि याहून बरी व्युत्पत्ती कुणाकडे असेल तर ती आधाराला जुना उतारा घेऊनच मांडा.