मग आम्ही काय करावे?

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. नाताळ जवळ आला की मन भरून यायला हवं, पण होतंय उलटंच, असं लिहिलंस. गायनमंडळाचा सराव, सजावट, ऑफिसचं वर्षअखेरचं काम, भेटवस्तूंच्या याद्या, आणि रात्री प्रार्थनेला बसलं की डोळा लागतो. माझा विश्वास नावापुरताच तर नाही ना, असंही शेवटी विचारलंस.

दमलेल्या माणसाचा डोळा लागतो, त्यात विश्वासाचा काय संबंध! मला खटकलं ते दुसरंच वाक्य. 'एकदा हे सगळं उरकलं की शांतपणे देवाकडे वळता येईल,' असं तू लिहिलंयस. म्हणजे ऑफिस, घर, सराव हे सगळं देवाच्या वाटेतलं अडथळ्याचं सामान, असं तू धरून चालतेयस. तिथेच थोडं थांबू या.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय काढ. आगमनकाळात, म्हणजे नाताळच्या आधीच्या आठवड्यांत, हा उतारा उपासनेत वाचलाही जातो, पण नाताळच्या कार्डांवर तो कधी दिसत नाही. बाप्तिस्मा करणारा योहान यार्देनेच्या परिसरात पश्चात्तापाचा संदेश देतोय आणि लोक त्याला विचारतात, मग आम्ही काय करावे? तो म्हणतो, ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्यानं एक नसलेल्याला द्यावा. जकातदार विचारतात, त्यांना सांगतो, ठरलंय त्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपाई विचारतात, त्यांना सांगतो, कोणाला धाकदपटशा दाखवू नका, खोटे आरोप करू नका, पगारात समाधान माना. हा माणूस स्वतः रानात राहायचा, टोळ आणि रानमध खायचा, पण कोणालाही नोकरी सोडून रानात ये म्हणाला नाही. जकातदाराला त्यानं जकातनाक्यावरच परत पाठवलं.

तुझा जकातनाका कुठला, ते तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. वर्ष संपायच्या आत हिशेब जुळवायला 'मागची तारीख टाकून दे' असं कोणी म्हणेल, तेव्हा तू काय करशील? चूक तुझी असताना ती नव्या मुलाच्या नावावर खपत असेल, तेव्हा? चोवीस तारखेच्या गाण्याइतकीच ही उपासना आहे, आणि इथे तुझा आवाज कसा लागतो ते देवाशिवाय कोणी ऐकत नाही.

वाचनाचं म्हणशील तर एक सोपी रीत आहे, पुष्कळ लोक पाळतात. लूकचे अध्याय 24. एक डिसेंबरपासून रोज एक वाचला की ख्रिस्तजन्माच्या आदल्या दिवशी पुस्तक पुरं होतं. मोबाइल हातात घेण्याआधी वाच, दहा मिनिटं पुरतात. गंमत अशी की गव्हाणीतलं बाळ तुला दोन तारखेलाच भेटतं, आणि पुढचे बावीस दिवस ते बाळ मोठं होऊन आपल्याला अवघड गोष्टी सांगत राहतं. आपण त्याला गव्हाणीतच ठेवू पाहतो. तिथे ते गोड दिसतं आणि काही मागत नाही.

चौदाव्या अध्यायात प्रभू म्हणतो, जेवण घालशील तेव्हा परतफेड करतील अशांना बोलावू नकोस. मग आपली पाहुण्यांची यादी एकदा समोर घे. त्यात परत बोलावणार नाही असं एक तरी नाव आहे का? एकटं राहणारं कोणी, नुकतंच शहर बदलून आलेलं कोणी, मंडळीत येतं पण कोणाशी बोलत नाही असं कोणी. असं एकच नाव घाल. दहा घातलीस तर तो कार्यक्रम होईल, आणि मग त्याचे फोटोही निघतील.

पंधराव्यात उधळ्या मुलाचा थोरला भाऊ आहे. सगळं उधळून धाकटा घरी परतला म्हणून आत मेजवानी चाललीय आणि हा बाहेर रागावून उभा. सणासुदीला मंडळीत आणि कुटुंबात असे थोरले भाऊ फार. सोलो कोणाला दिला, आईला कोण जास्त बघतं, यावरून अबोला धरलेले. तुझाही एक अबोला आहे, तू नाव लिहिलं नाहीस तरी कळलं. दोनशे जणांना एकच शुभेच्छा पाठवण्याआधी त्या एका माणसाला फोन लाव. 'कशी आहेस' एवढंच विचार. जुना विषय तिनं काढला तर ऐकून घे, तू काढू नकोस, आणि मीच आधी फोन केला हे मनातही मोजू नकोस. मात्र एक सांगते. ज्यानं तुला खरोखर इजा केली आणि अजून करू शकतो, त्याच्याकडे नाताळ आहे म्हणून परत जायची गरज नाही. क्षमा मनात करता येते, दार बंद ठेवूनही.

पैशांबद्दल थोडक्यात. मरीया आणि योसेफ बाळाला घेऊन मंदिरात गेले, तेव्हा त्यांनी होल्यांचा जोडा किंवा पारव्यांची दोन पिल्लं या अर्पणाच्या नियमाप्रमाणे केलं. कोकरू परवडत नसेल त्यांच्यासाठी नियमशास्त्रात ही सवलत होती. प्रभूच्या घरच्यांनी ऐपतीबाहेर काही केलं नाही. तूही उसने काढून भेटी देऊ नकोस.

आणि या वर्षी ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, त्यांच्याकडे लक्ष ठेव. ते मागच्या बाकावर बसतात आणि शेवटचं गीत संपायच्या आत निघून जातात. त्यांना 'आता सण आहे, आनंद कर' म्हणू नकोस. शेजारी जाऊन बस. पाश्चात्त्य परंपरेतल्या चर्चच्या कॅलेंडरनं हे फार पूर्वीच ओळखलं होतं. 25 डिसेंबरच्या दुसऱ्याच दिवशी दगडमार होऊन मेलेल्या स्तेफनाचं स्मरण, आणि 28 तारखेला हेरोद राजानं मारलेल्या बेथलेहेमच्या बालकांचं. रडणाऱ्यांना नाताळात पहिल्यापासून जागा आहे.

रात्रीच्या प्रार्थनेचं तेवढं राहिलं. बसल्यावर झोप येत असेल तर उभ्यानं कर, चालताना कर. शब्द सुचत नसतील तर प्रभूची प्रार्थना सावकाश म्हण, किंवा लूकच्या पहिल्या अध्यायातलं मरीयेचं गीत. तेही जड वाटलं तर 'प्रभू, दया कर' एवढं म्हणून झोपी जा.

26 तारखेला सगळे सजावट उतरवायला लागतील. तू घाई करू नकोस, जुन्या गणतीनं नाताळचे दिवस 12 आहेत आणि प्रकटीकरणाचा सण 6 जानेवारीला येतो. सुट्टी संपून ऑफिस सुरू होईल ते याच दिवसांत. मेंढपाळांनीही बाळ पाहिलं आणि ते देवाची स्तुती करत परत गेले, असं लूक लिहितो. त्यांनी धंदा बदलल्याचं कुठे लिहिलेलं नाही.

लूक संपल्यावर प्रेषितांची कृत्ये उघड, त्याच लेखकाचं आहे. 28 अध्याय, जानेवारी जवळजवळ पुरा जाईल. आणि पाहुण्यांच्या यादीत कोणाचं नाव घातलंस ते मला सांगायचं नाही.

प्रभूमध्ये तुझी,
संडे स्कूलची बाई