गोगलगायींचे रंग, पट्टे आणि प्रदेश : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : इंग्लंडमध्ये आमच्या बागेत पिवळ्या, गुलाबी, तपकिरी, पट्टेवाल्या, बिनपट्ट्याच्या गोगलगायी एकत्र दिसतात. या वेगवेगळ्या जाती आहेत का?

उत्तर : बहुतेक एकच, सेपिया नेमोरॅलिस. प्रौढ शंखाच्या तोंडाची कड सहसा गडद तपकिरी असते. पांढरी असेल तर बहुधा सेपिया हॉर्टेन्सिस. रंग ठरतो तो जनुकांवर, खाण्यावर नाही. तपकिरी रंग गुलाबीवर प्रभावी (म्हणजे दोन्हींची जनुके असली तर तपकिरीच दिसतो), गुलाबी पिवळ्यावर. आणि पट्टे नसणे हे पट्टे असण्यावर प्रभावी.

प्रश्न : नोंद कशी करावी?

उत्तर : पट्ट्यांना वरून खाली 1 ते 5 क्रमांक द्या, नसलेल्या पट्ट्याजागी 0 लिहा. फक्त मधला असेल तर 00300. पहिले दोन एकमेकांत मिसळले असतील तर (12)345. जिवंत पिवळी गोगलगाय आतल्या शरीरामुळे हिरवट दिसते, तिला वेगळा रंग समजू नका. उन्हाने विटलेले रिकामे शंख वगळा. पक्ष्यांनी फोडलेले शंख वेगळे मोजा, कारण ती पक्ष्याची निवड असते.

प्रश्न : रानात एक रूप आणि गवतात दुसरे, असे का?

उत्तर : केन आणि शेपर्ड या जीवशास्त्रज्ञांनी 1950च्या दशकात ऑक्सफर्डच्या परिसरात हेच दाखवले : झाडीत तपकिरी-गुलाबी बिनपट्टी जास्त, गवतात पिवळी पट्टेवाली. थ्रश पक्षी दिसेल ती उचलून दगडावर आपटतो, त्यामुळे पार्श्वभूमीत मिसळणारी वाचते. रंगाचे जनुक आणि पट्टे असण्या-नसण्याचे जनुक एकाच गुणसूत्रावर इतके चिकटून असतात की जोडी क्वचितच तुटते; या गटाला सुपरजीन म्हणतात. मात्र 00300 ठरवणारे जनुक त्यात नाही.

पण सगळे खापर थ्रशवर फोडू नये. 1963 मध्ये केन आणि करी यांना दक्षिण इंग्लंडमधील मार्लबरो डाउन्स या टेकड्यांवर मोठ्या टापूंत अधिवास बदलला तरी तीच रूपे प्रबळ आढळली. तिथे स्थानिक हवामान, तिथे पहिल्यांदा पोचलेल्या मोजक्या गोगलगायींचा वारसा आणि योगायोग यांतले काय किती, हा वाद जुना आहे. उन्हात फिकट शंख कमी तापतो, हाही मुद्दा त्यात येतो.

प्रश्न : घरी संकर करता येईल?

उत्तर : येईल, पण पिल्ले शंखाच्या तोंडाची कड जाड होण्याआधीच, म्हणजे प्रौढ होण्यापूर्वी, वेगळी ठेवा. प्रत्येक गोगलगाय उभयलिंगी असते आणि मिळालेले शुक्राणू दीर्घकाळ साठवते. दोन पिवळ्यांची पिल्ले पिवळीच हवीत. त्यांत गुलाबी निघाले, तर आधीच्या जोडीदाराचे शुक्राणू शिल्लक होते असे समजा आणि तो संकर बाद करा.